कोऱ्या जर्सीचं वर्ष

करवीरनगरीतील समस्त नागरिक, तालमींचे वस्ताद, पेठापेठांतले फुटबॉलवेडे आणि संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला येणारी मंडळी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, या शहरात बास्केटबॉल नावाचाही एक खेळ खेळला जातो. ही बातमी अनेकांना जड जाईल याची मला कल्पना आहे. ज्यांना रक्तदाबाचा त्रास असेल त्यांनी भिंतीला टेकून पुढचं वाचावं. हा खेळ मुलीसुद्धा खेळतात. आणि आमच्या कॉलेजात तो शिकवणाऱ्या बाई मैदानावर शिट्टी वाजवत नसत, शड्डू ठोकत.

हो, शड्डू. पांढरी सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. डावा पाय जरासा पुढे यायचा आणि उजवा पंजा मांडीवर असा बसायचा की कॉलेजच्या गच्चीवरची कबुतरं एकदम उडायची. निऱ्यांच्या इतक्या घड्यांवरून तो आवाज निघतो कसा, हे आमच्या फिजिक्सच्या सरांनाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. एक शड्डू म्हणजे थांबा. दोन म्हणजे पळा. तीन ऐकायची वेळ आमच्यावर कधी आली नाही, कारण दोननंतर आम्ही पळतच असायचो.

हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण आमच्यासाठी त्या समोर 'मॅडम' आणि पाठीमागे 'वस्ताद'. त्यांचे वडील खरेच वस्ताद होते, जुन्या पेठेतल्या एका तालमीचे. तालमीत बाईमाणसाला मज्जाव. म्हणून ही मुलगी तालमीच्या खिडकीत बसायची आणि आत चाललेली लढत गजांतून बघायची. दहाव्या वर्षी तिला सगळे डाव पाठ होते आणि एकही खेळायची परवानगी नव्हती. "मला माती खिडकीतनंच लागली," असं त्या म्हणायच्या. म्हणायच्या हसूनच, पण पुढचं कुणी विचारू नये अशा हसण्यानं.

तालमीतलं सगळं त्यांनी उचलून आमच्या सिमेंटच्या मैदानावर आणलं होतं. सरावानंतर बदामाची थंडाई घोटायची, ती आम्हीच. जोर-बैठका, त्याही आम्हीच. शिव्या मात्र त्यांच्या स्वतःच्या होत्या आणि सगळ्या घरगुती. "पास दे की गं. लग्नाची पत्रिका हाय व्हय हातात, वाचत बसलीयास?" एकदा समोरच्या संघाच्या प्रशिक्षकांनी पंचांशी वाद घातला तेव्हा मॅडम अर्ध्या मैदानापर्यंत चालत गेल्या आणि म्हणाल्या, "पावणं, दमलासा. या, थंडाई घ्या." ते गृहस्थ खरोखर येऊन थंडाई पिऊन गेले आणि वाद कशावरून होता हे विसरले.

तालमीतून आलेला सगळ्यात कडक नियम होता कोऱ्या जर्सीचा. वडिलांच्या तालमीत नवा पोरगा कितीही अंगापिंडानं भरलेला असो, पहिलं वर्ष तो जत्रेच्या मैदानात उतरत नसे. आखाड्यातली माती उकरायची, मोठ्यांचं अंग रगडायचं, बघायचं आणि गप्प बसायचं. मॅडमकडेही तेच. पहिल्या वर्षाच्या मुलीला जर्सी मिळायची, पण पाठीवर नंबर नाही. कोरी. नंबर नाही म्हणजे पंच मैदानात घेणार नाहीत, म्हणजे वाद संपला. ती मुलगी वर्षभर मैदानावर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारायची, थंडाई घोटायची, सामन्याला बाकावर बसून वहीत प्रत्येक पासची नोंद करायची. दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला मॅडम स्वतः सुई-दोरा घेऊन तिच्या पाठीवर नंबर शिवायच्या.

खंडेनवमीला शहरभर हत्यारं पुजतात. आमच्याकडे बास्केटबॉल पुजले जायचे. सहा चेंडू, हवा भरायचा पंप आणि नवी जाळी, सगळ्यांना हळदीकुंकू. कपाटातले कप चिंचेनं घासून मांडायचे आणि प्रत्येकाला झेंडूचा हार. फक्त एका कपाला हार नसायचा. तो सगळ्यात मोठा होता, आम्ही त्याला बादली म्हणायचो. तो मॅडम स्वतः घासायच्या, स्वतः मांडायच्या, पण हार नाही. का, ते विचारायची आमची छाती नव्हती.

आता मी. मी शेवटच्या वर्षाला होते, संघाची कप्तान होते आणि माझ्याबद्दल माझं मत फार चांगलं होतं. त्या वर्षी संघही तसाच जमला होता. चार वर्षांत आम्ही उपांत्य फेरीच्या पुढे गेलो नव्हतो आणि त्या वर्षी मात्र समोर येईल त्याला हरवत सुटलो होतो. विद्यापीठाचा कप आमचाच, असं कँटीनवाल्यानंही धरून चाललं होतं. आणि नेमक्या त्याच वर्षी, जूनमध्ये, हातकणंगल्याहून सकाळच्या पॅसेंजरनं नसीम आली.

नसीमच्या वडिलांचं हातकणंगल्यात पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान. जळालेल्या मोटारीतली तार काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजत भरायची. हे काम नसीम लहानपणापासून करायची, त्यामुळे तिची बोटं अशी होती की चेंडू तिच्या हातात आला की तो तिथं राहायलाच आल्यासारखा वाटे. उंचीला आमच्यात सगळ्यात जास्त. पहिल्याच दिवशी तिनं मला चकवून तीन बास्केट केले आणि वर विचारलं, "लागलं न्हाय न्हवं, ताई?" मी रात्रभर तळमळावं अशी परिस्थिती होती, पण मी आनंदले. कप माझ्या डोळ्यांसमोर आला.

मॅडमनी तिला कोरी जर्सी दिली.

वर्षभर नसीम फक्की मारत होती. तिच्याइतकी सरळ रेघ कुणाची येत नसे. सामन्याच्या दिवशी बाकावर वही घेऊन बसायची, पण मध्यंतर झालं की खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडायची आणि पुन्हा घट्ट बांधायची. प्रत्येक सामन्यात. मॅडमचं लक्ष असायचं. "पुढल्या वर्षी," त्या म्हणायच्या. "व्हय, मॅडम," म्हणून नसीम वही उघडायची.

अंतिम सामना ठरला तेव्हा आमच्या आठजणींपैकी एक काविळीनं घरी होती आणि एकीचा घोटा उपांत्य सामन्यात मुरगळला होता. उरलो सहा. पाच खेळणार आणि सहावी नसीम. सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी तडक राजारामपुरीत मॅडमच्या घरी गेले. एका टायपिंग क्लासच्या वर त्यांच्या दोन खोल्या होत्या. खालून टकटकाट येत होता आणि मॅडम वाटाणे सोलत बसल्या होत्या. अर्धे वाटाणे त्यांनी माझ्यापुढे सरकवले.

"मॅडम, उद्या नसीमला उतरवा."

"सोल."

"ती आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली खेळते."

"म्हाईत हाय मला. म्हणून तर बसवलीया. वाईट खेळत असती तर कवाच उतरवली असती."

हे उत्तर ऐकून मी चार शेंगा नुसत्याच मोडल्या. मग मॅडमनी विचारलं, "ती बादली बघितलीस न्हवं, हार नसलेली?" आणि वर न बघता सांगू लागल्या. तो त्यांचा पहिला कप. नोकरीचं पहिलं वर्ष. इंदू नावाची गगनबावड्याची मुलगी, कॉलेजचं तिचंही पहिलंच वर्ष, वय सतरा. घाटात वाढलेली, पळायला लागली की कुणाला सापडायची नाही.

"आदल्या सामन्यात पडली. सकाळी गुडघा नारळाएवढा झालता. मी पट्टी बांधली आणि म्हटलं, अर्ध्या तासाचीच गोष्ट हाय, इंदू. तीबी म्हणाली, खेळतो की. कप आला. ती परत पळाली न्हाय. तिचं घर चढावर हाय, दाराला अकरा पायऱ्या. पाऊस तिथला तुला ठाऊक हाय. एकेका पायरीवर बसून उतरती ती आता." मग एक शेंग सोलून म्हणाल्या, "मी जातो मधनं मधनं. च्या करून देती मला." आमच्याकडच्या बायका स्वतःपुरतं पुरुषासारखं बोलतात, मॅडमच्या तोंडी मात्र ते कुठल्यातरी खिडकीबाहेरच्या मुलीनं मुद्दाम उचलल्यासारखं वाटायचं.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी एकवीस वर्षांची होते.

"नसीमचे गुडघे धडधाकट आहेत, मॅडम."

"इंदूचंबी होतं की."

"आमचं शेवटचं वर्ष आहे. आम्हाला पुढलं वर्ष नाही."

"तुमचं शेवटचं हाय म्हणून तिचं पहिलं मोडू?"

वादात हरायला लागले की मी सगळ्यात तिखट बोलते. म्हटलं, "आणि तिलाच पुढलं वर्ष मिळालं नाही तर?"

नुसतं वाद जिंकायला म्हटलं मी. त्यात भविष्य वगैरे काही नव्हतं. मॅडमचे हात क्षणभर थांबले. "मिळंल की," त्या म्हणाल्या. "का न्हाय मिळायचं?" आणि पुढची शेंग घेतली. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून पातेलंभर वाटाणे सोलले, दोघींनी नसीमच्या वर्षांची वाटणी केली, आणि खुद्द नसीमला विचारावं हे दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही.

आता मी जे केलं ते सांगते. सामन्याआधी संघाची यादी कप्तान लिहायची आणि मॅडम सही करायच्या. माझ्यावर विश्वास असल्यामुळे त्या ती कधी वाचत नसत. मी यादीत सहावं नाव लिहिलं: नसीम, नंबर अकरा. मग तिला कपडे बदलायच्या खोलीत नेलं. माझ्या खिशात जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी होती. "कितवा नंबर पाहिजे?" असं मी आधीच तिला विचारून ठेवलं होतं. ती म्हणाली होती, "अकरा. दोन काठ्या उभ्या केल्या की झालं, पट्टी कमी लागंल." तिच्या लाल जर्सीवर मी पट्टीचे दोन काठ्यांसारखे तुकडे चिकटवले.

"मॅडमला विचारलं न्हवं, ताई?" तिनं विचारलं.

"विचारलं," मी म्हटलं.

ती कशी हसली हे मला लिहून दाखवता येणार नाही. वरून स्वेटर घालून ती बाकावर जाऊन बसली आणि मध्यंतराची वाटही न बघता तिनं नाड्या बांधल्या.

समोर सांगलीकडच्या कॉलेजचा संघ होता, दांडगा. तीन मिनिटं उरली तेव्हा दोन्हीकडे अडतीस गुण होते. माझे चार फाऊल झाले होते. पाचवा झाला की खेळाडू बाहेर, हे तुम्हाला कोल्हापूरकर असूनही एव्हाना समजलं असेल. मी बाहेर गेले की मॅडमपुढे एकच मुलगी उरणार होती, नाव यादीत असलेली, पाठीवर नंबर असलेली. मग त्यांचा नियम काय करील? एवढा साधा, एवढा सुंदर बेत होता माझा. सांगलीची एक मुलगी चेंडू घेऊन आली आणि मी सरळ तिच्या हातावर फटका मारला.

पंचांनी माझ्याकडे बघून हात वर केला. पाच बोटं.

नसीम उठली. स्वेटर काढला. पांढरा अकरा दिसला. मॅडमनी तो वाचला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी मैदानातून चालत येत होते, चेहऱ्यावर जमेल तेवढं दुःख आणून. शाळेच्या नाटकांत मला तीनदा बक्षीस मिळालेलं आहे, पण त्या दिवशी परीक्षक कडक होते.

"बस," मॅडम म्हणाल्या.

मला की नसीमला, ते कळलं नाही. आम्ही दोघीही बसलो.

संघ चारजणींचा खेळला. नियमात ते बसतं. माझ्या फटक्याबद्दल समोरच्या मुलीला दोन फ्री थ्रो मिळाले. एक चुकला, एक आत गेला, म्हणजे एक गुण. पुढची तीन मिनिटं आमच्या चौघी पाचजणींसारख्या खेळल्या. मॅडम प्रत्येक बास्केटला शड्डू ठोकत होत्या आणि नसीम माझ्याशेजारी ताठ बसून वहीत नोंद करत होती, कारण वही तिची होती. समोरच्यांनी चार गुण केले, आम्हीही चार केले. त्रेचाळीस-बेचाळीस. आम्ही एका गुणानं हरलो. तो गुण कोणता, हे वहीत नसीमच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

आम्ही कपडे बदलायच्या खोलीत आलो. पाठीवरची पट्टी नसीमला स्वतःला काढता येईना, तेव्हा मॅडमनी तिला वळवलं आणि ती सोलून काढली, हळूहळू, खरोखरच्या जखमेवरची काढावी तशी.

"पुढल्या वर्षी," त्या म्हणाल्या. "कापडाचा लावू. शिवून."

"व्हय, मॅडम."

मे महिन्यात नसीमच्या वडिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मोटार भरायचा हात गेला. घरात मोठी नसीम. जूनमध्ये ती पॅसेंजरला चढली नाही.

तेव्हा मॅडम चढल्या. प्रवेशाचा फॉर्म घेऊन, काखेत कापडी पिशवी धरून त्या हातकणंगल्याला गेल्या. दुकानात नसीम तारेचे वेढे मोजत होती. मोजणी तुटू नये म्हणून मॅडम पायरीवर थांबल्या. मोजून झाल्यावर नसीम म्हणाली, "या वर्षी न्हाय जमायचं. पुढल्या वर्षी बघू की, मॅडम." हे मला फार उशिरा नसीमनंच सांगितलं. सांगताना म्हणाली, "त्यांचंच शब्द आलं तोंडात, ताई. मुद्दाम न्हाय म्हटलं. पण त्या तिथंच खाली बसल्या."

पुढच्या जूनलाही मॅडम गेल्या, त्याच्या पुढच्याही. नसीमचं लग्न झालं, दुकान वाढलं, वडील गेले. फॉर्म न्यायचं कधीतरी थांबलं; जायचं थांबलं नाही. दरवर्षी काखेत तीच पिशवी असायची, आणि चहा पिऊन त्या ती न उघडताच परत न्यायच्या.

कोऱ्या जर्सीचा नियम त्यांनी मोडला नाही. पण त्यानंतरच्या मुली सांगतात की प्रत्येक सामन्याला मॅडमच्या पर्समध्ये सुई, दोरा आणि कापलेले नंबर असायचे. सामन्याआधी त्या पहिल्या वर्षाच्या मुलीपुढे बसून विचारायच्या, "तुझं मन काय म्हणतंय?" एकदा एका मुलीनं "खेळायचंय" म्हटलं तेव्हा त्यांनी मध्यंतरात तिच्या पाठीवर नंबर शिवला, आणि सामना संपेपर्यंत तिच्या गुडघ्यांवरची नजर हलवली नाही. ती मुलगी खेळली. संघ हरला. गुडघे शाबूत राहिले. यातून काय बरोबर ठरलं, ते मला विचारू नका. मॅडमनाही ठरवता आलं नव्हतं.

आणि मी? मी त्यांच्याशी पहिली तीन वर्षं बोलले नाही. आधी रागानं, मग राग संपल्यावर लाजेनं, आणि लाज फार चिवट असते. पुढे मी राजारामपुरीतच राहायला आले. समारंभांची सूत्रसंचालनं करते. वाढदिवस, सत्कार, उद्घाटनं, जिथं माइक असेल तिथं मी. मॅडम रस्त्याच्या पलीकडून भाजीची पिशवी घेऊन जाताना दिसायच्या. मला बघितलं की त्या थांबायच्या आणि हात वर करायच्या. पंजा उघडा, पाचही बोटं ताणलेली. माझी मुलं म्हणायची, "आई, त्या आजी किती छान आशीर्वाद देतात." मी हो म्हणायचे आणि मान खाली घालून स्कूटर सुरू करायचे. अठ्ठावीस वर्षं त्या मला पाचवा फाऊल दाखवत होत्या आणि एकदाही त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत.

गेल्या जानेवारीत त्या आजारी पडल्या. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा बोलणं बंद झालं होतं. मला बघून चादरीवरून हात उठला. नर्सला वाटलं, पाणी हवंय. मी बोटं मोजली. पाचही होती. पण या वेळी मी तो हात खाली जाऊ दिला नाही, धरून बसले. म्हटलं, "मॅडम, मुद्दाम केला होता." त्यांनी डोळे मिटले, मला हे कधीचंच ठाऊक आहे अशा रीतीनं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

त्यांचं क्रीडा विभागातलं कपाट आवरायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती कापडी पिशवी निघाली. आत लाल जर्सी. पाठीवर पांढऱ्या कापडाचा अकरा, बारीक टाक्यांनी शिवलेला, आणि त्याच्या कडेनं जुन्या चिकटपट्टीचे करडे डाग, जिथं मी त्या काठ्या उभ्या केल्या होत्या त्याच जागी. टाचणीला चिठ्ठी होती. मॅडमचं अक्षर: "नसीम, हातकणंगले. उतरताना देणे."

शोकसभा मैदानावरच घेतली. बास्केटच्या खांबाखाली स्टुलावर फोटो, फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत खुर्च्या. माइक अर्थातच माझ्या हातात. त्या सामन्यातल्या चौघी आल्या होत्या, एक पुण्याहून, एक बेळगावहून, दोघी इथल्याच. ठरलं होतं की भाषणं झाली की आम्ही पाचजणींनी मॅडमसाठी पाच मिनिटं चेंडू खेळवायचा. वयानं आणि वजनानं जमेल तसा.

नसीम मोपेडवरून आली. केस बरेच पिकलेले, बोटांच्या टोकांना तांब्याचा रंग. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, ते वर्ष डाचतं का? ती विचार करून म्हणाली, "मोटारी भरताना डोकं रिकामंच असतंय, ताई. ती तीन मिनिटं खेळतो मी. रोज. अजून एकदाबी हरलो न्हाय."

मग प्राचार्य बोलले. मॅडमनी कॉलेजला किती कप मिळवून दिले ते त्यांनी सांगितलं. ते बोलत असताना मी मागच्या मांडलेल्या कपांकडे पाहिलं. सगळ्यांना हार होते, बादलीलासुद्धा. नव्या शिपायाला कुणी सांगितलंच नव्हतं. मी उठले, बादलीचा हार काढला आणि फोटोच्या पायाशी ठेवला. कुणाला काही कळलं नाही.

माझी पाळी आली. मी नसीमचं नाव पुकारलं आणि जर्सी तिच्या हातात दिली. तिनं चिठ्ठी वाचली. दोनदा वाचली. नंबरवरून बोट फिरवलं, शिलाईवरून आणि मग त्या डागांवरून. एवढ्या लोकांत ती रडली नाही. तिनं जर्सी सलवार-कमीजवरूनच डोक्यातून घातली, दोन्हीकडून ओढून खाली घेतली, आणि वाकून चपला काढून बाजूला ठेवल्या. नाड्या नव्हत्या, तरी तिचे हात क्षणभर पावलांपाशी गेलेच.

मग ती सरळ उभी राहिली आणि मैदानात थांबलेल्या आम्हा पाचजणींकडे बघून, अगदी कामाचं विचारावं तसं विचारलं, "मग कुणाच्या जागी उतरू?"

प्राचार्य कौतुकानं हसले. बाकीच्या चौघी एकमेकींकडे बघू लागल्या. माइक चालू आहे हे मी विसरले होते, त्यामुळे मी जे बोलून गेले ते खुर्च्यांत, गच्चीवर आणि पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं:

"माझ्या जागी उतर की. माझे पाच फाऊल झालेत."